आत्यांच्या डोक्यावरचं माळवद

पहिल्या उन्हाळ्यात आमचं नवं घर बघायला माणसांची रीघ लागली होती. भूमहून यायची, धाराशिवहून यायची, तुळजापूरला देवीला निघालेली एखादी गाडी मुद्दाम वाट वाकडी करून यायची. बाहेर डांबर पायाला चिकटत असताना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "एसी लावलाय का?" मी हसायचे आणि भिंतीवर हात ठेवून सांगायला लागायचे. दगड इथलाच, विहिरीचा निघालेला. गिलावा मातीचा. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पाला आणि माती घालून केलेलं सपाट छत, आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांना असायचं तसं. पाहुणे माना डोलवायचे, फोटो काढायचे. निघताना मात्र त्यांच्यातली एखादी बाई अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या पत्र्याच्या खोलीकडं बघून विचारायची, "आणि तिथं कोण राहतं?"

तिथं माझ्या सासूबाई राहत होत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती खोली बांधकामाच्या वेळी सिमेंट आणि अवजारं ठेवायला केली होती. घर झालं की मोडायची, असं ठरलेलं. ज्या घराचा गारवा मी सगळ्या जिल्ह्याला दाखवत होते त्या घरातलं सगळ्यात वयस्क माणूस हाकेच्या अंतरावर तापलेल्या पत्र्याखाली भाजत होतं. "त्यांना मोकळं आवडतं," असं मी पाहुण्यांना सांगायचे. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला बोलताना कळायचं.

माझा धंदा घरांचे नकाशे काढून देण्याचा. बांधकामाची पदविका घेतल्यापासून धाराशिवला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझी छोटीशी कचेरी आहे. येणाऱ्याला दोन खोल्या, स्लॅब, वर टाकी आणि पुढेमागे एक मजला चढवता येईल अशी सोय हवी असते. मी ते काढून देते. अशी किती घरं काढली त्याचा मीही हिशेब ठेवलेला नाही, पण त्यातल्या बऱ्याच घरांतली माणसं उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात आणि माझ्या नावानं काय काय बोलत असतील ते देवीला माहीत. मी स्वतः तशाच एका भाड्याच्या भट्टीत राहायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. फक्त मी लोकांनाही ब्रह्मज्ञान सांगत नव्हते, त्यांनाही स्लॅबच देत होते.

म्हणून नवऱ्याची भूमच्या शाळेत बदली झाली आणि सासऱ्यांच्या वाटणीच्या माळरानावर घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी हट्टच धरला. आपलं घर इथल्या उन्हाला विचारून बांधायचं. वर्षभर मी त्या माळावर हिंडत होते. वैशाखात दुपारचं ऊन कुठून आत घुसेल, पौषात सकाळचं कुठवर पोचेल, वावटळ कुठून येते, हे बघत काठ्या रोवायचे, सावलीच्या टोकाला दगड ठेवायचे. गावात बातमी पसरली की मास्तरांची बायको गुप्तधन शोधायलीय. एकानं तर नवऱ्याला बाजूला घेऊन, "सापडलं तर आमच्या बांधाकडचं आमचं," असं बजावलंही.

मोठ्या जाडीच्या दगडी भिंती ठरल्या, मधे लहानसा चौक ठरला, पश्चिमेला खिडकीच नाही असं ठरलं. छताशी येऊन मात्र गाडं अडलं. मला माळवदच हवं होतं. दिवसभराचं ऊन ती माती वरच्यावर झेलते, खाली उतरू देत नाही. पण आमच्या भागात आता माळवद कुणी घालत नाही. सुतार मिळाला, लाकूड मिळालं, पण मातीचे थर कसे आणि किती, हे ज्याला विचारावं तो आपल्या मेलेल्या चुलत्याचं नाव सांगायचा.

नवरा म्हणाला, "आईला विचार की. तिच्या माहेरी मोठं माळवद होतं."

आत्यांचं माहेर उमरग्याच्या बाजूचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. ते भूकंपात गेलं. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्यानं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "आईचं माहेर भूकंपात गेलं." आमच्या जिल्ह्यात हे वाक्य इतक्या घरांत आहे की ऐकणारा थबकत नाही. कुणाचे वडील मिलिटरीत होते, कुणाची शेती कालव्यात गेली, तसंच ते. मीही थबकले नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, दर नागपंचमीला आत्या माहेरी जात नाहीत हे मी बघत होते, आणि त्याबद्दल मला कधी एक प्रश्नही पडला नव्हता.

त्या दिवशी आत्या ओसरीत तूर निवडत होत्या. मी म्हणाले, "आत्या, माळवदाला माती कशी घालतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्यांचा हात सुपातच थांबला. मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना सोन्याची पाटली दिली असावी.

"आगं, न ठाव असायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आदी लिंबाचा पाला दाबून घालायचा. मंग वाळवी न्हाय लागत. त्याच्यावर चिखल, पण तुडवून तुडवून लोण्यावानी केलेला. अन् मंग वरून पांढरी माती. पांढरी म्हणजे कुठली बी न्हाय. गावाच्या जुन्या जाग्याची. जिभंला लावून बगायची."

त्या माझ्याबरोबर जुन्या गावठाणावर आल्या. पदर खोचून त्या उकिरड्यांच्या मधून फिरत होत्या, चिमूट उचलायच्या, जिभेला लावायच्या, थुंकायच्या, "ही न्हाय," म्हणायच्या. एका ठिकाणची चाखून म्हणाल्या, "ही घे, खारट लागाय लागली," आणि तीच चिमूट माझ्या तोंडासमोर धरली. मीही चाखली. तोंड वाकडं झालं तशा त्या खळखळून हसल्या. आत्यांना मी असं हसताना क्वचितच बघितलं होतं. पुढं चिखल तुडवायच्या दिवशी बायकांच्या पुढं त्याच होत्या. माती पसरताना शिडी चढून वर आल्या, उतार कुठं कमी पडतोय ते सांगितलं, मजुरांना दटावलं. बोलत होत्या तर किती बोलत होत्या! आमच्याकडं असं करायचे, आमच्याकडं तसं असायचं.

मला वाटलं, आत्यांना घर मनापासून पसंत आहे. पसंत नसतं तर कोण इतक्या हौसेनं शिकवील? त्यांनी कशाला नकार दिला नाही, म्हणून मी होकार धरून चालले. मी कधी असं विचारलंच नव्हतं की, आत्या, तुम्ही या माळवदाखाली झोपाल का? गिऱ्हाइकाला मी स्वयंपाकघराचा ओटा कुठल्या उंचीचा हवा हे विचारते. घरच्या माणसाला हे विचारायचं मला सुचलं नाही.

पण खरा गुन्हा तो नाही. तो पुढं आहे.

माळवद पुरं झालं त्या दिवशी मी मजुरांना आणि शेजारपाजारच्यांना जेवण दिलं. पंगत उठली, माणसं चौकात पानं लावत बसली होती. एका वयस्क शेजाऱ्यानं वर बघत विचारलं, "मॅडम, समदं झ्याक हाय. पर भूकंपाची फिकीर न्हाय का? असल्याच घरांनी माणसं खाल्ली आपली."

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी कित्येक महिने वाट बघत होते. उत्तर मी घासूनपुसून ठेवलं होतं. लगेच एक काटकी उचलली आणि चौकातल्या ओल्या मातीत भिंत काढली. ही बघा, भिंतीतून आरपार जाणारे लांब दगड घातलेत, त्यामुळं आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना सोडत नाहीत. खिडक्यांच्या वर, सगळ्या घराला वेढून काँक्रीटचा पट्टा फिरवलाय. छताचा भार भिंतीवर नाही, खांबांवर आहे. आणि माती, ती तर मोजकीच. मग मी काटकी खाली टाकली आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "त्या घरांत काय व्हायचं? दर उन्हाळ्यात नवी माती घालायची आणि जुनी कुणी काढायचं नाही. साल-दर-साल थर चढत गेले. माणसं भूकंपानं नाही गेली. डोक्यावरच्या मातीनं गेली. आपल्याच हातानं चढवलेल्या मातीनं."

शेवटचं वाक्य मला बोलता बोलता सुचलं आणि ते मला आवडलं. हेही सांगून टाकते. ते ऐकून शेजाऱ्यानं "खरं हाय बाई," म्हणून मान हलवली, आणि मला कॉलेजात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघून हसलेसुद्धा, कारण निम्मं श्रेय त्यांचं होतं. त्या म्हणाल्या, "च्या टाकते समद्यांना," आणि आत गेल्या. चहा काही आला नाही. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, जेवणं झालेलीच होती.

वास्तुशांत झाली. पाहुणे गेले. दिवेलागणीच्या वेळी आत्यांनी आपली वाकळ आणि उशी उचलली आणि पत्र्याच्या खोलीकडं निघाल्या.

"तिकडं कुठं?" मी विचारलं.

"सामान पडलंय. कुत्री-मांजरं शिरत्यात. चार दिस झोपते तिथं."

चार दिवसांनी सामान हललं, आत्या हलल्या नाहीत. मग कधी शेळी व्यायला झाली म्हणून, कधी गुडघ्याला फरशीचा गारठा बाधतो म्हणून. दिवसा त्या घरात यायच्या, पण स्वयंपाकघराच्या दाराशी बसायच्या, उंबऱ्याला लागून. भाकरी थापून झाली की बाहेर. मी त्यांच्यासाठी सगळ्यात थंड खोली ठेवली होती, उत्तरेची, तिच्या कोनाड्यात त्यांचे देव बसवले होते. रोज सकाळी त्या देवांना पाणी घालायच्या आणि परत फिरायच्या.

भूमच्या आठवडी बाजारात माझ्या कानावर आलं, "मास्तरणीनं सासूला पत्र्यात ठेवलीया अन् आपण महालात ऱ्हायलीया." मी पेटले. घरी येऊन नवऱ्याशी भांडले. मला आत्यांची काळजी वाटत होती असं म्हणायला आवडेल, पण मला राग आला होता तो लोकांचा, आणि त्याहून जास्त आत्यांचा. त्या माझी फजिती करायला तिथं राहतात, सुनेचं कौतुक त्यांना सोसत नाही, असं माझ्या मनात यायचं. जी बाई माझ्यासाठी उकिरड्यातली माती चाखत फिरली तिच्याबद्दल मी असा विचार करत होते. नवरा म्हणाला, "राहू दे. तिची तिला सवय आहे." तो भांडण टाळणारा माणूस आहे. लहानपणापासून त्यानं आईच्या गप्प राहण्याला हात लावलेला नाही.

मग मला वाटलं, भीतीचा प्रश्न असेल, आणि भीतीवर माझ्याकडं औषध आहे. मी नकाशाची गुंडाळी घेऊन पत्र्याच्या खोलीत गेले. आत उकडून काढत होतं. आत्यांच्या खाटेवर नकाशा पसरून मी बोट फिरवत सांगायला लागले. "हे बघा, आत्या. हे खांब. समजा भिंत पडली तरी छत या खांबांवर उभं राहतं."

त्यांनी नकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमच्याबी घराला खांब व्हते, बाई," त्या म्हणाल्या.

एखादी शहाणी बाई तिथं गप्प बसली असती. मी त्यांना त्यांच्या माहेरचे खांब आणि आमचे खांब यातला फरक समजावून सांगितला. जोड कसे असतात, खाली पाया कसा घेतलाय. त्या ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मला पाणी दिलं.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी शेजारच्या रानातली बाई ओरडत आली. आत्या पत्र्याच्या खोलीच्या दारात पडल्या होत्या. अंग तव्यासारखं, ओठ कोरडे, शुद्ध नाही. आम्ही त्यांना उचलून उत्तरेच्या खोलीत आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, वेळेवर आत आणलंत हे बरं केलं, घर तुमचं एकदम गार आहे. त्यांनी सलाईन लावलं. मी कांदा फोडून तळपायांना चोळत बसले. माझ्या मनात भीती होती, पण तिच्या खाली कुठंतरी असंही होतं, की आता आत्यांना कळेल. आता त्या इथंच राहतील. हा विचार माझ्या मनात आला होता, मी तो विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

आत्यांनी डोळे उघडले. आधी मला बघितलं, मग वर बघितलं. तुळया, त्यावरच्या लाकडी पट्ट्या. हाताला सुई होती, ती ओढून काढली. उठायला जमेना, तर खाटेवरून खाली घसरल्या आणि हातापायांवर रांगत दाराकडं निघाल्या. पदर मागं ओढला जात होता. मी "आत्या, आत्या," करत धरायला गेले तर त्यांनी माझा हात झिडकारला, आयुष्यात पहिल्यांदा. अंगणात, भर उन्हात, निंबाच्या बुंध्याशी जाऊन त्या बसल्या आणि मग मोठमोठ्यानं श्वास घेऊ लागल्या.

इतकी वर्षं मी घरं काढते, पण मी बांधलेल्या घरातून माणूस असं रांगत बाहेर पडताना मी बघितलं नव्हतं. आणि हे घर मी जगाला दाखवत होते.

आत्या सावरल्यावर नवऱ्यानं मला सांगितलं, जेवढं त्याला माहीत होतं तेवढं. त्या साली आत्या गौरी-गणपतीला माहेरी गेल्या होत्या. हा लहान होता, शाळेसाठी वडिलांजवळ राहिला. गणपती बुडवून सगळे दमून झोपले. पहाटे आत्या परसाकडं म्हणून बाहेर पडल्या, आणि परत जायला घर नव्हतं. आई, वडील, भाऊ, भावजय, भावाची लेकरं. त्यांनी हातानं माती उकरली होती, नखं निघेपर्यंत. "घरी आली तेव्हा हातांना चिंध्या बांधल्या होत्या," नवरा म्हणाला. "मी विचारलं, काय झालं, तर बाबांनी मला गप्प बसवलं. मग मी कधीच विचारलं नाही."

तोही रडत होता, मीही. पण रडून काय होतं? त्याच आत्यांकडून मी माती तुडवून घेतली होती. त्यांनी त्या मातीला हात कसा लावला असेल, हेही मला तेव्हा सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आत्यांपुढं गेले, रिकाम्या हातानं. निंबाखाली भुईवर बसले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, तोंडातून दुसरंच आलं. "आत्या, तुमच्यासाठी कसं घर बांधू? तुम्ही सांगा. वर काय घालू?"

त्या बराच वेळ काडीनं मातीत रेघोट्या ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "वर असं कायतरी घाल, की अंगावर पडलं तरी माणूस झटकून उठून बसंल."

इतक्या वर्षांच्या धंद्यात इतकी नेमकी मागणी मला कुठल्याही गिऱ्हाइकानं सांगितली नव्हती. पत्र्यात त्या का राहत होत्या ते मला तेव्हा समजलं. पत्रा भाजतो, पण पत्रा उचलून फेकता येतो.

मग मी त्यांच्यासाठी कूड घातला. तुरीच्या वाळल्या काड्या, म्हणजे तुराट्या, उभ्या बांधून दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपलेल्या पातळ भिंती. वर बांबू आणि उसाच्या पाचटाचं जाड छप्पर, खाली झुकवून घेतलेलं, म्हणजे ऊन भिंतीला शिवत नाही. निंबाच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला. दोन दारं, समोरासमोर, कारण आत्या म्हणाल्या, "एका दारानं मला जमायचं न्हाय." काम चालू असताना बांबू वर चढवायच्या आधी त्यांनी एकेक हातानं उचलून बघितला. पाचटाचा भाराही त्यांनी डोक्यावर घेऊन बघितला, मग खाली टाकला आणि "चालंल" म्हणाल्या. त्या कुडात पहिल्याच दुपारी त्यांना झोप लागली. घोरत होत्या. मी दाराशी बसून ते घोरणं ऐकलं आणि मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. भाजी निवडायला घेतली होती. बाहेर ढग येऊन नुसतंच गदगदत होतं. आत्या एकदम म्हणाल्या, "एक ईचारू का?"

"विचारा की."

"त्या दिशी तू चौकात सांगायलीस ना समद्यांना. मातीच्या वजनानं माणसं गेली म्हणून."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. चौकात ओढलेली भिंत, माझं ते आवडलेलं वाक्य, दारात टेकलेल्या आत्या, न आलेला चहा, हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"त्या सालच्या उन्हाळ्यात दादा म्हनत व्हता, यंदा माती घालायची न्हाय. लई झालीया. तुळई वाकायलीया." आत्या माझ्याकडं बघत नव्हत्या, भाजीकडं बघत होत्या. "म्या गेल्ते चार दिस. अवकाळी पडला, अन् म्या निजायची तिथंच गळलं. म्या म्हनले, दादा, भयनीच्या डोक्यावर गळतंय अन् तू माती घालंना व्हय? चेष्टंतच म्हनले. त्यानं दुसऱ्याच दिशी माती आनली. समद्या माळवदावर घातली. वैनी म्हनली बी, कशापायी यवडी. दादा म्हनला, भयनीचा हुकूम हाय."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू इंजिनेर हैस. तुला समदं ठाव हाय. सून म्हनून सांगू नको, इंजिनेर म्हनून सांग. म्या म्हनले नसते तर वाचले असते का?"

मी ताडकन "नाही" म्हणाले. इतकं झटकन, की ते दिलाशासारखं ऐकू आलं असणार. म्हणून मी भाजी बाजूला ठेवली आणि नीट सांगितलं. एका सालाची माती कितीशी असते. त्या छतावर आधीच कितीतरी पिढ्यांची माती चढलेली होती, त्यात ती काहीच नव्हती. आधी भिंती गेल्या असणार, गोलगोट्या दगडांच्या भिंती होत्या, त्या धक्क्याला टिकणाऱ्या नव्हत्याच. त्या साली दादांनी माती घातली नसती तरी घर पडलंच असतं. हे खरं आहे. मी यातला एक शब्द पदरचा घातलेला नाही. कुठल्याही परीक्षेत मी हेच लिहीन.

आत्या लक्ष देऊन ऐकत होत्या, नकाशा समजावला तेव्हा ऐकत होत्या तशाच. मग म्हणाल्या, "मंग त्या दिशी तसं का म्हनलीस?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, "शहाणपणा करत होते, आत्या. चुकलं माझं." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "आसू दे, आसू दे," म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. ही चूक आपल्या एकटीची असं त्यांना वाटत होतं, आणि ती त्यांनी अर्धं आयुष्य कुणाला न सांगता पोटात ठेवली होती. कदाचित निम्मी विसरतही आल्या असतील. मी चौकात उभी राहून, काटकी हातात धरून, वीस माणसांदेखत त्यावर शिक्का मारला.

आता आत्या कुडात सुखानं राहतात. पाहुणे अजून येतात, मी आता त्यांना आधी कूड दाखवते. आत्या त्यांना गार पाणी देतात. सगळं ठीक चाललंय असं बघणाऱ्याला वाटेल, आणि बरंचसं ठीक आहेही.

पण मधेच कधीतरी, भाकरी करताना, शेळीला पाला टाकताना, त्या हातातलं काम थांबवतात आणि विचारतात, "खरंच न्हाय ना ग? त्या मातीनं काय झालं न्हाय ना?" मी हातातलं सोडून त्यांच्याजवळ जाते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. भिंती, दगड, एका सालाची माती. त्या ऐकतात, "बरं," म्हणतात. पुढच्या महिन्यात परत विचारतात. मी चौकात एकदाच बोलले होते, ते त्यांना शब्द न् शब्द पाठ आहे. हे उत्तर मी कितीदा दिलं तरी त्यांना परत विचारावं लागतं.